क्वालालंपूरला पुन्हा खेळलेला डाव

यवतमाळच्या बसस्थानकावर सकाळच्या नागपूर गाडीत आम्ही सहा जण चढलो तेव्हा कंडक्टरची नजर आधी आमच्या सामानावर गेली.

"मॅडम, हे चादरीत काय गुंडाळलं?"

"कीबोर्ड. पाच आहेत."

"शाळेचे हायेत का?"

"नाही. ही मुलं खेळायला चालली आहेत. मलेशियाला. संगणकावरच्या खेळाची जागतिक स्पर्धा आहे."

त्याने एकेकाकडे नीट पाहून घेतलं. पाचही जणांच्या अंगात गुलाबी जर्सी होती. तिकिटं देऊन झाल्यावर तो म्हणाला, "खेळाडूले सवलत असते, पण ते मैदानातल्या खेळाले. बसून खेळाले नाही." आणि पुढच्या सीटकडे वळला. खरं सांगायचं तर तेव्हा माझं मतही त्याच्यासारखंच होतं.

मी यवतमाळातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तेवीस वर्षं मुलींना कबड्डी शिकवते. घाम आला नाही तर तो खेळ कसला, असं मी वर्गात अनेकदा बोलून दाखवलेलं आहे. पण स्पर्धेच्या नियमाप्रमाणे संघासोबत एक प्रौढ व्यवस्थापक लागत होता, आणि या मुलांच्या ओळखीत पासपोर्ट असलेली प्रौढ व्यक्ती मी एकटीच निघाले. आमच्या विहारातल्या मंडळींबरोबर श्रीलंकेला जायचं म्हणून मी तो काढला होता. ती सहल बारगळली आणि पासपोर्ट कपाटात कोराच्या कोरा राहिला. हे प्रांजलीला माहीत होतं.

प्रांजली ढाणकीची. वसतिगृहात राहून आमच्या शाळेत शिकली, माझ्या कबड्डीच्या संघात होती. दहावीत तिचा गुडघा गेला. डॉक्टरांनी खेळ बंद सांगितला तेव्हा ती रडली नाही, मी रडले. पुढे कॉलेजात असताना ती अफसरच्या दुकानात जाऊ लागली. अफसरने चुलत्याच्या बंद पडलेल्या कापडदुकानात सहा संगणक मांडले होते. तिथे हे दोघं, नेरचे मंगेश आणि उमेश हे सख्खे भाऊ, आणि आर्णीजवळच्या तांड्यावरचा अबोल विकास, असा पाच जणांचा संघ जमला. वीज गेली की इन्व्हर्टरवर, इन्व्हर्टर बसला की शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून वायर ओढून, असं करत त्यांनी घरबसल्या देशातली फेरी जिंकली.

खेळ कसा, ते मला विकासने एका वाक्यात समजावलं होतं. "मॅडम, पाच आपले, पाच त्यायचे. दोघायचा एकेक किल्ला. ज्याचा आधी पडला तो हरला."

संघाचं नाव मात्र मला पटलं नव्हतं. ते होतं 'गुलाबी अळी'. त्या साली बोंडअळीने जिल्ह्यात कापूस असा खाल्ला होता की बाहेरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडावं तर आत नुसता काळा चुरा. बाजारात दुसरं बोलणं नव्हतं, आणि या पोरांनी तेच नाव घेतलेलं. मी अफसरला रागावले. तो म्हणाला, "मॅडम, ते आत शिरते तं वरून दिसतच नाई. आमाले तसंच खेळाचं हाय." शेवटी मी प्रांजलीच्या वडिलांना विचारलं. बापूराव ढाणकीकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. अळीमुळे कापूसच येईना म्हणून त्यांचं जिनिंग त्या हंगामात दिवसाआड चालत होतं. मला वाटलं हा माणूस दुखावेल. ते पोट धरून हसले. "ठेवा हेच. त्या अळीनं निदान आपल्या लेकराईले तरी मलेशिया दाखवावं."

पण त्यांनी लेकीला एक अट घातली होती, माझ्यासमोर. "पहिल्या आठात आली तं खेळत राह्य, मी आडवा येणार नाही. नाही आली तं यंदा नर्सिंगले नाव टाकाचं. मंजूर?"

"मंजूर," ती म्हणाली होती.

नागपूरच्या विमानतळावर माझीच बॅग अडवली. जवसाच्या चटणीचा डबा उघडून त्या तरुण अधिकाऱ्याने वास घेतला, शेजारच्या सहकारी मुलीला दिला, तिनेही घेतला. "आमची आजी करायची," असं म्हणून तिने झाकण घट्ट लावून डबा परत ठेवला. चेन्नईला विमान बदललं. खिडकीची जागा विकासला मिळाली होती. खाली समुद्र दिसल्यापासून उतरेपर्यंत त्याने मान वळवली नाही. आयुष्यात तो पहिल्यांदाच समुद्र बघत होता, आणि तोही वरून.

क्वालालंपूरला उतरल्यावर जाणवला तो दमटपणा. आपल्याकडे उन्हात कपडे दोन तासांत कडक वाळतात. इथे हॉटेलच्या खोलीत वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच होता. विमानतळापासून शहरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेलाच्या ताडाची झाडं. आपल्याकडे कपाशीच्या ओळी असाव्यात तशा सरळ ओळी, डोळा पोचेल तिथपर्यंत. आमचा टॅक्सीवाला तमिळ वंशाचा होता, त्याचे पणजोबा रबराच्या मळ्यात काम करायला आलेले. तो म्हणाला, "आधी सगळीकडे रबर होतं. भाव गेला, मग हे लावलं." उमेशने विचारलं, याला अळी लागते का? टॅक्सीवाला म्हणाला, "याला उंदीर लागतात. म्हणून मळेवाले घुबडं पाळतात." घुबडं पाळणाऱ्या शेतीची गोष्ट पुढे अर्धा तास गाडीत चालली.

आम्ही उतरलो ती वस्ती भारतीय माणसांनी भरलेली होती. सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीत 'रोटी चनाई' (तव्यावर आपटून पदर सोडवलेला मऊ परोठा, सोबत डाळ) आणि 'तेह तारिक' (हातभर उंचीवरून पुन्हा पुन्हा ओतून फेसाळलेला चहा). टपरीच्या मालकीणबाई मला रोज एक शब्द शिकवत. 'तेरिमा कासिह' म्हणजे आभार, त्यावर समोरच्याने 'सामा-सामा' म्हणायचं. मंगेशला तो शब्द इतका आवडला की त्याने कुणी काहीही म्हटलं तरी सामा-सामा म्हणायला सुरुवात केली. 'नासी लेमाक' (नारळाच्या दुधात शिजवलेला भात) सगळ्यांना आवडला, पण सोबतची सुक्या मासळीची चटणी पाहून विकासने माझा जवसाचा डबा पुढे ओढला. दोन दिवसांत डबा अर्ध्यावर आला.

जवळच एक बुद्धविहार होता. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सकाळी मी एकटीच जाऊन बसले. तिथले वयस्क भंते श्रीलंकेचे निघाले. मी माझ्या रद्द झालेल्या सहलीची गोष्ट मोडक्या इंग्रजीत सांगितली. ते हसून म्हणाले, "मग श्रीलंकाच तुमच्याकडे अर्ध्या वाटेवर आली." माझ्या गावाचं नाव त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, त्यांना ते जमलं नाही. मलाही त्यांच्या गावाचं जमलं नाही.

स्पर्धेच्या सभागृहात शिरले आणि मी दारातच थांबले. आपलं यवतमाळचं नेहरू मैदान छप्पर घालून थंड केलं तर होईल एवढी जागा, आणि शिगोशीग भरलेली. मधोमध काचेच्या दोन खोल्या, एकेका खोलीत पाच खेळाडू. वर भिंतीएवढे पडदे, त्यावर खेळ दिसतो. पोरंपोरी हवा भरलेल्या काठ्या एकमेकींवर आपटत ओरडत होती. निवेदक आमचं नाव 'गुलाबी आली' असं घेत होते, आणि गुलाबी जर्सी पाहून परक्या लोकांनी दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी ओरडायलाही सुरुवात केली.

सोळा देशांचे संघ होते, चार-चारांचे गट. गटातले पहिले दोघे पुढे, म्हणजे पहिल्या आठात. कोरियाने आम्हांला चोवीस मिनिटांत धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी ब्राझीलला आम्ही हरवलं. मी काचेमागून मुलांचे चेहरे बघत होते. पडद्यावर काय चाललंय ते मला अर्धंच कळायचं, पण चेहरे मला वाचता येतात. ब्राझीलच्या डावात पिछाडीवर असताना प्रांजलीचा चेहरा कबड्डीत शेवटचा गडी उरल्यावर व्हायचा तसाच झाला होता, आणि जिंकल्यावर तिच्या कानामागून घाम ओघळत होता. तेव्हापासून मी घामाबद्दल बोलणं सोडलं.

तिसरा डाव मंगोलियाशी. जो जिंकेल तो पुढे.

पस्तीस मिनिटं कुणीच कुणाला हटेना. मग मंगोलियाच्या किल्ल्यासमोर मोठी चकमक झाली, आमच्या पाचांनी मुसंडी मारली आणि किल्ला कोसळला. सभागृह उठून उभं राहिलं. काचेत अफसर खुर्चीवर चढला होता, मंगेश आणि उमेश एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होते. मीही शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. प्रांजली मात्र बसून होती.

थोड्या वेळात पंचांनी मला खाली बोलावलं. पंच सिंगापूरच्या एक बाई होत्या, तिशीतल्या, शांत बोलणाऱ्या. समोर मंगोलियाचा संघ आणि त्यांचा प्रशिक्षक उभा. धिप्पाड माणूस, पैलवानासारखी मान. पंचबाईंनी सावकाश समजावलं. चकमकीच्या वेळी मंगोलियाच्या एका खेळाडूचा पडदा गोठला होता. त्याच्या संघाने 'थांबा' असा संदेश सगळ्यांच्या पडद्यावर टाकला. संदेश दिसला की दोन्ही संघांनी हात थांबवायचे, असा नियम. संदेश आणि शेवटचा हल्ला यांत चार-पाच सेकंदांचं अंतर होतं. हल्ल्याच्या गर्दीत तो दिसला नसेल तर निकाल कायम. दिसला होता की नाही, हे यंत्र सांगू शकत नाही.

त्या प्रांजलीकडे वळल्या. "कर्णधार म्हणून तुमचा शब्द पुरे. तुम्हाला संदेश दिसला होता?"

अफसरने तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"दिसलता," प्रांजली म्हणाली. मग इंग्रजीत पुन्हा म्हणाली, "हो. मला दिसला होता. बाकी चौघांना नाही. मी त्यांना सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही."

"काहून?" अफसर ओरडला. "कायले बोलली तू? कोणाले दिसलं असतं?"

"मले दिसलं ना."

"अवं, आठात गेलतो आपण. आठात."

"माहीत हाय मले."

पंचबाईंनी माझ्यापुढे कागद ठेवला. डाव पहिल्यापासून पुन्हा खेळायला आमची हरकत नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं, आणि सही व्यवस्थापकाची हवी होती. सही नाही केली तर प्रकरण समितीकडे जाणार होतं, आणि तिथे काय होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

आता जे लिहिते आहे ते मी घरीही कुणाला सांगितलेलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी विभागीय कबड्डीच्या अंतिम सामन्यात माझ्या एका मुलीला चढाई करणारीचा हात लागला. लागला की आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जायचं, हे मीच शिकवलेलं. तिने हात वर केला नाही. पंचांना दिसलं नाही. मला दिसलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी टाळी वाजवून म्हटलं, खेळा. आम्ही जिंकलो. त्या वर्षीचा फोटो शाळेच्या कार्यालयात आहे, त्यात ती मुलगी सोडून सगळ्या हसताहेत.

मी पेन हातात घेतलं. मला नर्सिंगची अट आठवत होती. खरं तर मला असंही वाटत होतं की पोरीने नाही म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं.

"मॅडम, करा सही," विकास हळूच म्हणाला. चार दिवसांत त्याने न विचारता बोललेलं ते पहिलं वाक्य.

मी सही केली. मंगोलियाच्या प्रशिक्षकाने माझा हात दोन्ही हातांत धरला.

पुन्हा खेळलेला डाव एक्केचाळीस मिनिटं चालला. निवेदकांनी सगळ्यांना काय झालं ते सांगितलं होतं, त्यामुळे पूर्ण सभागृह 'गुलाबी आली, गुलाबी आली' करत होतं. अफसर चिडलेला होता, पण खेळला जीव तोडून. शेवटी दोन्ही किल्ले मोडकळीला आले होते आणि आमचा आधी पडला. एवढंच.

अफसर त्या दिवशी प्रांजलीशी बोलला नाही. जेवताना वेगळ्या टेबलावर बसला. मी समजूत घालायला गेले तर म्हणाला, "मॅडम, तिनं चूक केली असं मी म्हणून नाई राह्यलो. पण मले राग येऊन राह्यला, तं येऊ द्या ना." मला हे पटलं. मी उठून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगोलियाचा अख्खा संघ आमच्या हॉटेलवर हजर. त्या दिवशी त्यांचा डाव नव्हता आणि प्रशिक्षकाने ठरवलं होतं की दोन्ही संघांनी मिळून शहराबाहेरच्या बाटूच्या गुहा बघायच्या. त्याचं नाव मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही, त्याला माझं. तो मला 'मॅडम' म्हणायचा, मी त्याला 'सर'. तो तरुणपणी कुस्ती खेळायचा. आगगाडीत त्याने मला मंगोली कुस्तीची पकड दाखवली आणि मी त्याला कबड्डीतली साखळी, समोरच्या बाकावरच्या दोन मलेशियन आजी हसून बेजार झाल्या. त्याने खिशातून 'आरूल' (वाळवलेल्या दह्याचे दगडासारखे खडे) काढून सगळ्यांना वाटले. मी उरलेली जवसाची चटणी काढली. त्याने ती नुसतीच तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा हात पुढे केला.

गुहेच्या पायऱ्यांवर माकडांचं राज्य होतं. अर्ध्या चढावर एका माकडाने सरांची टोपी उचलली आणि कठड्यावर जाऊन बसलं. ज्या पोराचा पडदा गोठला होता तो मंगोलियाचा खेळाडू धावला, त्याच्या मागे अफसर. माकड पळालं, अफसर घसरला, आणि टोपी उडून प्रांजलीच्या पायाशी आली. तिने ती उचलली तोवर दुसऱ्या माकडाने तिच्या हातातली केळ्याची पिशवी नेली.

अफसर पायरीवर बसून तिच्याकडे बघत म्हणाला, "आता हे टोपी बी माकडाले वापस दे म्हणशीन तू."

"त्यानं मागतलं तं देईन."

तो हसायला लागला. मग तीही. मंगेश आणि उमेशने हुश्श केलं. त्या मंगोली पोराला भांडण आणि समेट दोन्हींतलं काही कळलं नाही. त्याने फक्त अफसरला हात देऊन उठवलं आणि खरचटलेल्या कोपरावर पट्टी लावून दिली.

पुढचे दोन दिवस आम्ही प्रेक्षकांत बसून मंगोलियासाठी ओरडलो. उमेशने कुठूनसा त्यांचा झेंडा मिळवला होता. ते पहिल्या चारांत पोचून हरले. कोरियाने स्पर्धा जिंकली आणि झगमगता चषक उचलला. अफसर तेव्हा मान पुढे काढून कोरियाच्या पोरांची बोटं कशी चालतात ते पाहत होता. त्याच्या मांडीवर वही होती आणि तो भराभर आकृत्या काढत होता.

परतीच्या प्रवासात लिहिण्याजोगं फारसं घडलं नाही. चेन्नईला आमचं विमान उशिरा निघालं, आणि नागपूरहून निघालेली आमची बस वर्ध्याजवळ पंक्चर झाली. आम्ही रस्त्याकडेच्या हॉटेलात तर्री-पोहे खाल्ले. मंगेश वाढणाऱ्याला सामा-सामा म्हणाला आणि तोही न गोंधळता "हाव हाव" म्हणाला. खिडकीतून कळंबकडची शेतं दिसत होती. बऱ्याच ठिकाणी कपाशीची पऱ्हाटी उपटून ढीग लावलेले, काही ठिकाणी त्या रानात हरभरा हिरवा झालेला.

यवतमाळ जवळ आलं तशी प्रांजली पुन्हा पुन्हा मोबाईल बघू लागली. मी विचारलं, "बाबांना फोन केलास?"

"केलता. त्याईनं सगळं पाह्यलं. जिनिंगमधल्या लोकाईनं मोबाईल कापसाच्या गाठीवर ठेवून पाह्यलं म्हणे."

"काय म्हणाले?"

"काहीच नाई म्हटलं. म्हणे, घेवाले येतो."

बापूराव खरोखरच ढाणकीहून पहाटेची गाडी धरून यवतमाळला आले होते. बसस्थानकावर फलाटाच्या खांबाजवळ उभे होते. अफसरचा भाऊ आणि नेरची मंडळीही आली होती, हार-पेढे झाले, कुणीतरी फोटो काढले. बापूराव गर्दी ओसरेपर्यंत तिथेच थांबले. मग पुढे येऊन त्यांनी लेकीच्या हातातला चादरीचा बोचका घेतला.

"बाबा, मी नर्सिंगचा फॉर्म भरते," ती लगेच म्हणाली. "आपलं ठरलतं."

"भरजो," ते म्हणाले. "ठरलं ते ठरलं." मग म्हणाले, "माय, एक सांगू का? तथी मी असतो ना, तं नसतो बोललो. जिंकलो म्हणून गप बसलो असतो."

 प्रांजली माझ्याकडे बघू लागली. बापूरावही माझ्याकडे बघत होते, जणू बाईंनी काहीतरी शिक्षकासारखं बोलावं.

मी म्हटलं, "मीही गप्प बसले असते."

ते ऐकून बापूराव हसले आणि म्हणाले, "मंग हे कोणावर गेली वं?" बोचका खांद्यावर टाकून ते ढाणकीच्या गाडीकडे चालू लागले, आणि ती त्यांच्या मागे.

प्रांजली आता नर्सिंगला आहे. रविवारी अफसरच्या दुकानात येते. मी मात्र परतून शाळेत गेले त्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्या जुन्या संघातल्या, हात वर न केलेल्या मुलीचा नंबर शोधून काढला. ती आता पुसदला असते, तिला दोन मुलं आहेत. मी नाव सांगितल्यावर तिने विचारलं, "मॅडम, इतक्या वर्षांनी? सगळं बरं ना?"

"बरं आहे," मी म्हटलं. "एक सामना आहे आपला, त्याच्याबद्दल बोलायचं होतं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बोला मॅडम. मी बसते."